सुरगाठ

पाणी प्या, म्हणाली काउंटरवरची मुलगी,
अजून प्या, लघवी दाटेपर्यंत.
एक बाटली संपली, दुसरी अर्धी.
समोर भिंतीवर पाटी :
येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.
मी मुलाचं विचारायला आलेच नव्हते,
उजव्या कुशीतल्या एका जडपणाचं
नाव विचारायला आले होते.

"सुगंधा घाग, फुल्ल?"
"फुल्ल," मी म्हटलं,
आणि बाकावरच्या बायका हसल्या
मांड्या आवळून.

थंडगार जेल. पडद्यावर काळोख,
काळोखात आणखी काळा एक गोल.
रिपोर्टातला आकडा तेवढा मला कळला :
पाच पॉइंट दोन.
घरी येऊन टेप लावली. दोन इंच.
पदराचा एक गोंडा भरतो तेवढा.

काळाचौकीत खोलीच्या उंबऱ्यावर बसून
मी साड्यांना गोंडे लावते. पदराला चाळीस,
गोंड्याला तीन गाठी.
चौदा वर्षं गाठीच मारतेय.
गाठ म्हटलं की डोक्याआधी हात चालतात.
त्या दिवशी थांबले.

मोहिते वहिनी दाराशीच : गाठ?
अगं बाई, माझ्या नणंदेला…
वाक्य तिनं पुरं केलं नाही.
रात्रभर मी ते पुरं करत राहिले.

डॉक्टर रेबेलो वसईच्या. चष्मा कपाळावर.
केसपेपर उलटा करून त्यांनी पेननं
बदामाएवढं अंडाशय काढलं.
"गाठ कशाला म्हणता? पाण्याची पिशवी आहे ही.
दर महिन्याला इथे एक बुडबुडा पिकतो,
फुटतो, बीज बाहेर पडतं.
एखादा फुटायचंच विसरतो
आणि पाणी धरून बसतो.
भिंत पातळ आहे, आत घट्ट काही नाही,
कॅन्सर वाटावं असं मला तरी काही दिसत नाही."

मग काढायची कधी?
"काढायची नाही. थांबायचं.
भात शिजताना सारखं झाकण उघडता का?
दोन पाळ्या जाऊ द्या, मग पुन्हा सोनोग्राफी.
दुखलं तर दुखण्याची गोळी.
विरघळवायची गोळी कुणी विकली, तर घेऊ नका."
मग चष्मा डोळ्यांवर आला.
"एक मात्र. अचानक जोराची कळ, उलट्या, घेरी,
तर रात्रीचे दोन वाजले असोत, लगेच निघायचं.
जड पिशवी कधी कधी देठाला पीळ घालते."

पीळ मला माहीत आहे.
रेशमाला जास्त झाला
की ते स्वतःलाच आवळतं.

थांबणं हा उपचार, हे वहिनींना पटेना.
खरं सांगू, मलाही.
दाराच्या खुंटीला पिशवी टांगली :
केसपेपर, आधार कार्ड, गाऊन,
पाचशेच्या दोन नोटा.
नवरा रात्रपाळीचा लिफ्टमन,
दिवसा फोन छातीवर ठेवून झोपायचा.
वहिनींनी दिलेल्या एरंडेलाची बाटली
मी बिजागरीला घातली.
दार आता करकरत नाही.

दुसऱ्या खेपेला बाकावर शबिस्ता, मदनपुऱ्याची.
तिची वेगळी. आत केस आहेत, म्हणाली,
और एक दाँत भी.
ही आपली आपण जात नाही.
तीन बारीक छेद, दुर्बिणीतून,
अंडाशय जमेल तेवढं वाचवणार.
सांगताना हसत होती,
तळहात मात्र ओला.
माझ्या हातात बराच वेळ होता.

माझी आता दोन पॉइंट नऊ.
"उतरतेय," डॉक्टर म्हणाल्या,
"तीन महिन्यांनी दाखवा. त्याआधी तोंड दाखवू नका."

आई शिकवायची, निरगाठ कापावी लागते,
सुरगाठीचं टोक ओढलं की सुटते.
टोक कुणाच्या हातात असतं,
ते तिनं सांगितलं नव्हतं.

आज शबिस्ताचं ऑपरेशन.
गोंडे मोजताना दोनदा चुकले.
एकदा एकोणचाळीस, एकदा एक्केचाळीस.
फोन अजून वाजलेला नाही.